'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' : मूळ स्वीडिश नाव का बदललं आणि त्यात काय हरवलं?

हेन्रिक वांगर या बड्या उद्योगपतीला दरवर्षी वाढदिवसाला एक पार्सल येतं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, सोबत चिठ्ठी नाही. आत असतं ते फ्रेममध्ये लावलेलं एक दाबून वाळवलेलं फूल. आता तो ८२ वर्षांचा आहे आणि पार्सल अजून येतंच आहे. अशी फुलं त्याला पूर्वी हॅरिएट द्यायची. हॅरिएट म्हणजे त्याच्या भावाची नात. १९६६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी ती नाहीशी झाली. तिचा मृतदेह कधीच सापडला नाही. ही फुलं तिचा खुनीच आपल्याला छळण्यासाठी पाठवतोय, अशी म्हाताऱ्याची खात्री आहे.

स्टीग लार्सन यांच्या 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' या कादंबरीची ही सुरुवात. २००५ साली स्वीडनमध्ये आलेल्या या पुस्तकाने 'नॉर्डिक नॉयर' हा शब्द जगभरच्या वाचकांच्या तोंडी बसवला. नॉर्डिक नॉयर म्हणजे स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, आइसलँड, फिनलंड या देशांतल्या काळोख्या गुन्हेगारी कथा. लार्सन यांच्या तीन कादंबऱ्यांच्या २०१५ पर्यंत सुमारे ८ कोटी प्रती विकल्या गेल्या होत्या.

पण ज्या नावाने हे पुस्तक जग ओळखतं, ते लार्सन यांनी दिलेलंच नव्हतं. त्यांनी दिलेलं नाव होतं 'मेन सोम हातार क्विन्नूर'. त्याचा सरळ अर्थ, 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष'. इंग्रजी नाव वाचकाला टॅटूवाल्या मुलीकडे बघायला सांगतं. मूळ नाव बोट दाखवतं ते तिला तसं वागायला भाग पाडणाऱ्यांकडे. हा फरक मोठा आहे, आणि कथानक कळल्याशिवाय तो नीट लक्षात येत नाही.

कथा काय आहे?

मिकाएल ब्लूमक्विस्ट हा 'मिलेनियम' मासिकाचा पत्रकार. हान्स-एरिक वेन्नेरस्ट्रोम या उद्योगपतीचा घोटाळा त्याने छापलेला असतो, पण पुरावे टिकत नाहीत आणि बदनामीच्या खटल्यात त्याला तीन महिन्यांची कैद होते. नाव गेलं, पैसे गेले. अशा वेळी हेन्रिक वांगर त्याला उत्तरेकडच्या हेडेस्टाड या गावी बोलावतो. हे गाव काल्पनिक आहे. वरकरणी काम असतं घराण्याचा इतिहास लिहिण्याचं. खरं काम असतं हॅरिएटचं काय झालं ते शोधण्याचं.

रहस्याची मांडणी जुन्या पद्धतीची आहे. वांगर कुटुंब एका बेटावर राहतं. बेटाला जोडणारा पूल एकच. हॅरिएट नाहीशी झाली त्या दिवशी त्याच पुलावर टँकरचा अपघात झाला आणि बेटाचा संपर्क काही तास तुटला. म्हणजे जे घडलं ते बेटावरच, आणि करणारा बहुधा घरातलाच. बंद खोलीतल्या खुनाची ही जुनी युक्ती लार्सन यांनी खोलीच्या जागी अख्खं बेट घेऊन वापरली आहे.

ब्लूमक्विस्टच्या मदतीला पुढे येते लिसबेथ सलांडर. वय २४, बारीक चण, अंगभर टॅटू, बोलणं जेवढ्यास तेवढं. एका सुरक्षा कंपनीसाठी ती लोकांची माहिती काढते. ती हॅकर आहे, स्मरणशक्ती अफाट आहे आणि माणसांवर तिचा विश्वास नाही. का नाही, हे हळूहळू कळत जातं.

पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. पहिली शंभरेक पानं जड जातात. वांगर कुटुंबातली नावं संपता संपत नाहीत, शेअर बाजाराची माहिती येत राहते आणि प्रत्येक पात्र तासातासाला कॉफी पितं. त्यानंतर मात्र पुस्तक खाली ठेवता येत नाही.

(पुढच्या भागात रहस्य उघड केलेलं आहे. कादंबरी कोरी वाचायची असेल तर पुढचे दोन भाग सोडून थेट 'लार्सन कोण होते?' इथे जावं. त्यानंतरच्या मजकुरातही एखाददुसरा उल्लेख येईल.)

गाडलेलं गुपित

हॅरिएटच्या डायरीत पाच नोंदी असतात. नाव किंवा आद्याक्षरं आणि पुढे पाच आकडी संख्या. पोलिसांना ते टेलिफोन नंबर वाटले होते. त्यांचा अर्थ लावते ब्लूमक्विस्टची किशोरवयीन मुलगी, तीही जाता जाता. ती धार्मिक वळणाची आहे. ते आकडे बायबलमधल्या 'लेवीय' या ग्रंथातल्या अध्यायांचे आणि ओव्यांचे आहेत, हे तिच्या लगेच लक्षात येतं. त्या ओव्यांमध्ये भयंकर शिक्षा सांगितल्या आहेत. सलांडर जुनी पोलीस दफ्तरं चाळते तेव्हा त्या त्या नावाच्या बायका खरोखरच तशाच रीतीने मारल्या गेल्याचं समोर येतं. वेगवेगळी गावं, वेगवेगळी वर्षं. त्यामुळे कोणत्याही पोलिसाने त्या खुनांचा एकमेकांशी संबंध जोडला नव्हता.

दुसरा धागा एका फोटोचा. नाहीशी होण्याच्या काही तास आधी हॅरिएट गावातली मिरवणूक बघत उभी आहे आणि रस्त्यापलीकडे कोणाला तरी पाहून तिचा चेहरा बदलतो. तिने काय पाहिलं? त्या फोटोत मागे एक पर्यटक बाई कॅमेरा घेऊन दिसते. तिच्या गाडीवरच्या स्टिकरवरून माग काढत ब्लूमक्विस्ट चाळीस वर्षं जुन्या त्या दुसऱ्या फोटोपर्यंत पोहोचतो. त्यासाठी त्याला नोर्शो नावाच्या लहानशा उत्तरी गावी जावं लागतं. लार्सन यांचं बालपण याच परिसरात गेलं. कादंबरीतला शोधाचा हा सगळ्यात सुंदर भाग आहे. एकही गोळी सुटत नाही, फक्त जुने अल्बम उलटले जातात.

खुनी दोन निघतात. आधी हॅरिएटचा बाप गॉटफ्रीड, नंतर तिचा सख्खा भाऊ मार्टिन. बापाने मुलीवर अत्याचार केले, मुलालाही त्यात ओढलं. १९६५ साली हॅरिएटने स्वतःला वाचवताना बापाला पाण्यात बुडवून मारलं. सुटका झाली असं वाटत असतानाच भावाने बापाची जागा घेतली. मिरवणुकीत तिला दिसला होता तो मार्टिन. त्याच दिवशी तिने ठरवलं की इथे राहायचं नाही. एका चुलत बहिणीने तिला गुपचूप देशाबाहेर काढलं. ती ऑस्ट्रेलियात मेंढपाळीचा मोठा व्यवसाय सांभाळत जगत राहिली. फुलं तीच पाठवत होती. आपण जिवंत आहोत एवढंच तिला म्हाताऱ्याला सांगायचं होतं. त्याने मात्र चार दशकं त्याचा उलटा अर्थ काढला.

मार्टिन तोवर कंपनीचा प्रमुख झालेला असतो. घर देखणं, वागणं सभ्य. तळघरात मात्र कुलूपबंद खोली. त्याने मारलेल्या बायका बहुतेक परक्या मुलखातून आलेल्या, एकट्या, शोध घ्यायला कोणी नसलेल्या. म्हणून त्यांच्या तक्रारीही झाल्या नाहीत. कादंबरीतलं खरं भय तळघरात नाही, या हिशेबात आहे. कोणाला नाहीसं केलं तर कोणी विचारणार नाही, हे मार्टिनला पक्कं ठाऊक होतं.

सूड कोणाचा, आणि गप्प कोण बसलं?

सलांडरची स्वतःची गोष्ट वांगर प्रकरणाला समांतर चालते. लहानपणीच तिला मनोरुग्णालयात डांबलं गेलं होतं. सज्ञान झाल्यावरही कोर्टाने तिला स्वतःचे व्यवहार सांभाळण्यास असमर्थ ठरवून तिच्यावर पालक नेमला. पहिला पालक भला माणूस होता. त्याला पक्षाघात झाल्यावर निल्स ब्यूरमान हा वकील येतो. तिच्या बँक खात्याची चावी आता त्याच्याकडे. नवा कॉम्प्युटर घ्यायला स्वतःच्याच कमाईचे पैसे मागायला गेलेल्या सलांडरवर तो आधी जबरदस्ती करतो, मग बलात्कार करतो.

ती पोलिसांत जात नाही. कागदोपत्री 'असमर्थ' असलेल्या मुलीचं कोण ऐकणार, हा तिचा साधा प्रश्न आहे. दुसऱ्या भेटीत तिने पिशवीत कॅमेरा लपवलेला असतो. मग एका रात्री ती परत जाते, त्याला बांधते, ते चित्रीकरण त्याला दाखवते आणि त्याच्या पोटावर तो काय आहे ते कायमचं गोंदवून ठेवते. अट एकच, माझे पैसे मला द्यायचे, माझ्या चांगल्या वर्तणुकीचे अहवाल पाठवायचे आणि माझ्या वाटेला जायचं नाही. म्हणजे इंग्रजी नावातला टॅटू सलांडरच्या अंगावरचा असला, तरी कादंबरीतला सर्वांत महत्त्वाचा टॅटू ब्यूरमानच्या अंगावर आहे.

सूडाचा हा प्रसंग बहुतेक वाचकांना लख्ख आठवतो. शेवटाकडे येणारा प्रसंग मात्र फारसा कोणी चर्चेत आणत नाही.

मार्टिन पाठलागात अपघाती मरतो. हॅरिएट जिवंत सापडते. आता बातमी समोर आहे. देशातल्या एका बड्या औद्योगिक घराण्याचा प्रमुख वर्षानुवर्षं बायकांचे खून करत होता. पण वांगर कुटुंबाचा वकील ब्लूमक्विस्टला विनवतो की हे छापू नकोस. छापलं तर कंपनी कोसळेल, हजारो नोकऱ्या जातील आणि हॅरिएटचं सगळं आयुष्य चव्हाट्यावर येईल. ब्लूमक्विस्ट तडफडतो. ज्याने सारी कारकीर्द दडपलेलं बाहेर काढण्यात घालवली, त्यालाच आता दडपायला सांगितलं जातंय. आणि तो गप्प बसतो.

त्याला गप्प राहायला सांगणाऱ्यांत सलांडरही असते. तिच्या मते खुनी मेला आहे, त्याला आता शिक्षा होऊ शकत नाही. बातमीची शिक्षा भोगेल ती फक्त हॅरिएट. पण तिच्या मौनाला किंमत आहे. मार्टिनच्या बळींची ओळख शक्य तेवढी पटवून त्यांच्या घरच्यांना भरपाई द्यायची आणि अत्याचारग्रस्त स्त्रियांना आसरा देणाऱ्या स्वीडिश महासंघाला कंपनीने दरवर्षी २० लाख क्रोनर द्यायचे.

हे बरोबर झालं का? कादंबरी उत्तर देत नाही. हॅरिएटच्या बाजूने पाहिलं तर सलांडरचं म्हणणं पटतं. पण तळघरात मेलेल्या बायकांच्या बाजूने पाहिलं तर एका श्रीमंत घराण्याने पुन्हा एकदा पैसे भरून गुपित गाडलं, एवढंच दिसतं. त्यांच्या आईवडिलांना भरपाईचा धनादेश मिळेलही. खरं काय घडलं ते कळणार नाही. नायकांच्याच हातून हे घडवून आणायला लेखकाला धाडस लागलं असणार.

याच जागी आणखी एक वाद होतो. मार्टिनलाही बापानेच असा घडवला, तोही एका अर्थी बळीच, असं ब्लूमक्विस्ट सुचवतो. सलांडर ते उडवून लावते. हॅरिएटचा बापही तोच होता, तिने कोणाला तळघरात कोंडलं नाही. मार्टिनने जे केलं ते त्याने निवडलं, हे तिचं ठाम मत. पुस्तकाचं मूळ नाव या वादातून सरळ वर येतं.

लार्सन कोण होते?

जन्म १५ ऑगस्ट १९५४, उत्तर स्वीडनमधला. मूळ नाव 'स्टिग'. त्याच नावाचा दुसरा एक लेखक आधीच प्रसिद्ध असल्याने त्यांनी स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवलं. वयाच्या नवव्या वर्षापर्यंत ते आजी-आजोबांकडे वाढले. आजोबा कट्टर नाझीविरोधी कम्युनिस्ट होते. पुढे लार्सन यांनी स्वीडनच्या 'टीटी' या वृत्तसंस्थेत दोन दशकांहून जास्त काळ नोकरी केली. काम होतं नकाशे आणि आलेख काढण्याचं.

खरी धडपड नोकरीबाहेरची. स्वीडनमधल्या नव-नाझी गटांचा ते माग ठेवत आणि १९९५ साली त्याच कामासाठी 'एक्स्पो' ही संस्था आणि मासिक उभं करणाऱ्यांत ते होते. धमक्या रोजच्याच होत्या. ऑक्टोबर १९९९ मध्ये ब्योर्न सॉडरबेर्ग या कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याचा नव-नाझींनी स्टॉकहोममध्ये त्याच्या दारातच गोळ्या घालून खून केला. कामाच्या ठिकाणी युनियनच्या पदावर एक नव-नाझी बसल्याचं त्याने उघड केलं होतं. धोका किती खरा आहे हे अशा घटनांमधून 'एक्स्पो'च्या लोकांना कळत होतं.

कादंबऱ्या लार्सन रात्री लिहीत. तीन लिहून झाल्या, प्रकाशक मिळाला, आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी कचेरीची लिफ्ट बंद असल्याने सात मजले चढून गेल्यावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय ५०. पहिलं पुस्तक बाजारात आलं ते पुढच्या वर्षी. २००६ साली त्याला नॉर्डिक देशांतल्या गुन्हेगारी कादंबरीचा मानाचा 'ग्लास की' पुरस्कार मिळाला.

मृत्यूनंतरचा वाद तर त्यांच्याच कादंबरीत शोभावा असा. एवा गॅब्रिएल्सन या वास्तुरचनाकार त्यांच्यासोबत सुमारे ३२ वर्षं राहिल्या, पण दोघांनी लग्न केलं नव्हतं. लग्न केलं असतं तर पत्ता सरकारी नोंदीत उघड झाला असता आणि नव-नाझींना घर सापडलं असतं, असं गॅब्रिएल्सन सांगतात. स्वीडिश कायद्यात लग्नाविना एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला मृत्युपत्र नसेल तर वारसा मिळत नाही. १९७७ सालचं एक मृत्युपत्र सापडलं. त्यात सगळी मालमत्ता उमेओ शहरातल्या एका छोट्या डाव्या संघटनेला दिली होती. पण त्यावर साक्षीदारांच्या सह्या नसल्याने ते बाद ठरलं. हक्क गेले वडील आणि भावाकडे. लेखकाच्या कामाचं पुढे काय करायचं, यात गॅब्रिएल्सन यांना कायदेशीर आवाज उरला नाही. आयुष्यभर बायकांच्या हक्कांवर लिहिणाऱ्या माणसाने हा कागद तेवढा करायचा ठेवला, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांनाही खटकते.

हे सगळं स्वीडनमध्ये? तेही एवढ्या प्रगत देशात?

बाहेरच्या वाचकाला पडणारा हा पहिला प्रश्न. स्वीडन म्हणजे कल्याणकारी राज्य, स्त्री-पुरुष समानता, वडिलांनाही मिळणारी बालसंगोपन रजा. लार्सन यांना नेमकं हेच चित्र उलटून दाखवायचं होतं. तेही पहिले नव्हते. माय श्योवाल आणि पेर वालू या जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात इन्स्पेक्टर मार्टिन बेकच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या, त्या खुनाच्या गोष्टीतून स्वीडिश समाजाची तपासणी करण्यासाठीच. १९९१ पासून हेनिंग मांकेल यांच्या वॉलँडर मालिकेने तोच धागा पुढे नेला. मधल्या काळात, २८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री पंतप्रधान उलोफ पाल्मे सिनेमा बघून पायी घरी जाताना भर रस्त्यात मारले गेले. हा खटला कधीच नीट सुटला नाही. २०२० साली एका मृत संशयिताचं नाव घेऊन तपास बंद केला गेला. लार्सन यांनीही या खुनाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता.

वांगर घराण्यातले तीन भाऊ नाझी दाखवलेत, तेही उगाच नाही. दुसऱ्या महायुद्धात स्वीडन तटस्थ होता, पण जर्मनीला लोहखनिज पुरवत होता आणि १९४० ते १९४३ या काळात जर्मन सैनिकांना आपल्या रेल्वेने जाऊही देत होता. त्याआधी १९२२ साली उप्साला इथे वंशशास्त्राची सरकारी संस्था निघाली होती. १९३४ पासून चार दशकं चाललेल्या नसबंदीच्या कायद्यांखाली सुमारे ६३ हजार लोकांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि अनेकींची संमती नावापुरती किंवा दबावाखाली घेतलेली होती. १९९७ साली एका वृत्तपत्राने हा विषय लावून धरला तेव्हा देश हादरला. १९९९ पासून पीडितांना प्रत्येकी पावणेदोन लाख क्रोनर भरपाई दिली गेली.

सलांडरची फाइल वाचताना हा इतिहास लक्षात ठेवला तर ती अतिशयोक्ती वाटत नाही. माणसाला पूर्णपणे 'अक्षम' ठरवण्याची तरतूद स्वीडनने १९८९ साली रद्द केली. तरी त्यानंतरच्या व्यवस्थेतही कोर्ट एखाद्याच्या पैशांचा आणि करारांचा ताबा दुसऱ्याकडे देऊ शकतं. बहुतेक वेळा ते त्या माणसाच्या भल्यासाठीच असतं. पण भल्यासाठी दिलेली सत्ता चुकीच्या माणसाच्या हाती गेली तर तपासणार कोण, हा लार्सन यांचा प्रश्न आहे.

कादंबरीच्या चार भागांच्या सुरुवातीला चार आकडे येतात. १८, ४६, १३ आणि ९२ टक्के. पहिले तीन किती स्वीडिश स्त्रियांना पुरुषांकडून धमकी, मारहाण वा लैंगिक अत्याचार सोसावे लागले ते सांगतात. शेवटचा आकडा पोलिसांकडे न गेलेल्यांचा आहे. रहस्यकथेत असे आकडे सहसा कोणी टाकत नाही. इथे ते पत्रकाराच्या सवयीने आले आहेत.

नावामागे आणखी एक संदर्भ आहे. जानेवारी २००२ मध्ये फादिमे शाहिंदाल या कुर्दी वंशाच्या तरुणीचा तिच्या वडिलांनीच उप्सालात खून केला. तिने घरच्यांचा विरोध पत्करून स्वीडिश मुलावर प्रेम केलं होतं. त्यावर मोठी चर्चा झाली आणि दोष एका परक्या संस्कृतीवर ठेवला गेला. लार्सन यांचा आक्षेप असा की स्वीडिश पुरुषाने प्रेयसीला मारलं तर तो एका माणसाचा गुन्हा, आणि स्थलांतरिताने मारलं तर संस्कृतीचा, हा न्याय कुठला? २००४ साली या वादावर त्यांनी एक पुस्तकही सहसंपादित केलं. टीकाकारांनी त्यांच्यावर स्थलांतरितांमधले प्रश्न झाकल्याचा आरोप केला, आणि तो सगळा चुकीचा म्हणता येणार नाही. कादंबरीत मात्र त्यांनी उत्तर स्पष्ट दिलंय. गॉटफ्रीड आणि मार्टिन हे जुन्या, श्रीमंत, अस्सल स्वीडिश घरातले आहेत.

वास्तवाने या कथानकाला एकदा अगदी जवळून गाठलं. उप्सालाचे माजी पोलीसप्रमुख योरान लिंडबेर्ग हे समानतेवर भाषणं देण्यासाठी देशभर ओळखले जात. २०१० साली त्यांना अटक झाली आणि त्याच वर्षी बलात्कारासह अनेक लैंगिक गुन्ह्यांसाठी शिक्षाही झाली. ही बातमी वाचून अनेकांना लार्सन आठवले.

मग नाव का बदललं?

गॅब्रिएल्सन यांच्या म्हणण्यानुसार स्वीडिश प्रकाशकालाही मूळ नाव फारसं रुचलं नव्हतं, पण लार्सन हटले नाहीत. ते हयात असेपर्यंत निर्णय त्यांचा होता. इंग्रजी आवृत्ती २००८ साली आली तेव्हा ते नव्हते. 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष' हे नाव रहस्यकथेच्या कपाटात चालणार नाही, असा इंग्रजी प्रकाशकाचा अंदाज. मग दुसऱ्या भागाच्या स्वीडिश नावात 'मुलगी' होतीच, ती पहिल्यालाही लावली. तिसऱ्या भागाचं मूळ नाव हवेतला महाल उडवण्याविषयी होतं. इंग्रजीत तिथेही मुलगी आली. टॅटूसुद्धा बदलला. मूळ स्वीडिशमध्ये ड्रॅगन सलांडरच्या अख्ख्या पाठीवर पसरलेला आहे, इंग्रजीत तो खांद्यापुरता उरला. अनुवादक स्टीव्हन मरे यांना संपादनातले बदल एवढे खटकले की पुस्तकावर त्यांनी 'रेग कीलँड' हे टोपणनाव घातलं.

इटालियन आणि डॅनिश वाचकांना मात्र मूळ नावच मिळालं. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये ते थोडं मवाळ झालं, 'बायकांवर प्रेम न करणारे पुरुष'. म्हणजे ते नाव खपत नाही हा अंदाज निदान युरोपात तरी खरा ठरला नाही. व्यापाराच्या बाजूने पाहिलं तर इंग्रजी नाव जबरदस्त चाललं, हेही मान्य करावं लागेल. पुढच्या दशकात नावात 'गर्ल' असलेल्या थरारकथांची रीघ लागली. 'गॉन गर्ल' आणि 'द गर्ल ऑन द ट्रेन' ही त्यातली दोन गाजलेली नावं. गंमत म्हणजे सलांडर २४ वर्षांची आहे. ब्लूमक्विस्टला कोणी 'मुलगा' म्हणत नाही.

'मुलगी' या शब्दाची बाजू घ्यायची तर एकच मुद्दा आहे. सलांडर ही मोठी झालेली पिप्पी आहे. पिप्पी लाँगस्टॉकिंग म्हणजे अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या बालकथांमधली, आईबापांशिवाय एकटी राहणारी, घोडा उचलणारी मुलगी. अशी मुलगी मोठी झाली तर समाज तिला काय म्हणेल, वेडी? लार्सन यांना यातून सलांडर सुचली. पुढच्या पुस्तकांत तिच्या दारावरच्या पाटीत पिप्पीच्या घराचं नाव लपलेलं आहे. ब्लूमक्विस्टला लोक चिडवतात तेही लिंडग्रेन यांच्याच बालगुप्तहेराच्या नावाने.

पुस्तकावरचे आक्षेपही खोटे नाहीत. स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध लिहिताना ती हिंसा इतक्या तपशिलात का दाखवायची, हा पहिला. कथेतल्या बहुतेक बायका चाळिशीतल्या ब्लूमक्विस्टच्या प्रेमात कशा पडतात, हा दुसरा, आणि त्याला समाधानकारक उत्तर नाही.

सिनेमा कोणता बघावा?

२००९ सालचा नील्स आर्डेन ओप्लेव यांचा स्वीडिश सिनेमा मूळ नावानेच आला. त्यातल्या नूमी रापासच्या सलांडरला तोड नाही. डेव्हिड फिंचर यांचा २०११ चा हॉलिवूडपट दिसायला जास्त देखणा आहे. त्यात रूनी मारा आणि डॅनियल क्रेग आहेत, आणि संकलनासाठी त्याला ऑस्कर मिळालं. भारतात मात्र फिंचर यांचा सिनेमा चित्रपटगृहात लागलाच नाही. २०१२ च्या सुरुवातीला सेन्सॉर बोर्डाने काही दृश्यं कापायला सांगितली, त्यांत बलात्काराचं दृश्यही होतं. फिंचर यांनी नकार दिला आणि कंपनीने प्रदर्शन रद्द केलं.

मालिका लार्सन यांच्यानंतरही चालू राहिली. डेव्हिड लागरक्रान्ट्स यांनी २०१५ ते २०१९ दरम्यान तीन भाग लिहिले, २०२२ पासून कारिन स्मिर्नोफ लिहीत आहेत. गॅब्रिएल्सन यांचा या पुढच्या भागांना विरोध होता, पण कायद्याने त्यांना विचारण्याची गरज नव्हती. पहिल्या पुस्तकाचं नाव स्वीडनमध्ये आजही लार्सन यांनी ठेवलं तेच आहे.